डाव्या कडेचा इतिहास

'दुचाकी' हा शब्द मराठीत आधी सायकलचा होता. जुन्या पुस्तकात कुणी दुचाकीवरून गावाला गेला असं वाचलं, तर तो पायडल मारतच गेला असं समजावं. आज पेपरात 'दुचाकीस्वार जखमी' अशी बातमी आली की आपल्या डोळ्यांसमोर मोटारसायकल येते. हा बदल कुणी ठरवून केला नाही. रस्त्यावर जे जास्त दिसू लागलं, शब्द त्याच्याकडे गेला.

या शब्दाच्या प्रवासाचा एक साक्षीदार तर एकच घराणं आहे. लुधियानाच्या मुंजाल बंधूंनी १९५६ साली हीरो सायकलचा कारखाना सुरू केला. १९८४ मध्ये याच घराने जपानच्या होंडाबरोबर भागीदारी केली आणि १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, हीरो सायकल्सची जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक कंपनी म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. म्हणजे सायकल आपल्या शिखरावर होती तेव्हाच तिची जागा घेणारं वाहन त्याच अंगणात उभं राहिलं होतं. पुढे मोटारसायकलने सायकलचं नाव घेतलं आणि हळूहळू तिचा रस्ताही घेतला. आज मला लिहायचंय ते या रस्त्याबद्दल. नेमकं सांगायचं तर रस्त्याच्या डाव्या कडेबद्दल, जिथे सायकलवाल्याने चालावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

मी मूळचा चुडाव्याचा. परभणी जिल्हा, पूर्णा तालुका. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर पूर्णा आणि नांदेडच्या मध्ये आमचं स्टेशन लागतं. बाहेरच्या माणसाला गावाची ओळख एवढीच. ही रेल्वे निजामाच्या काळातली, १९०० च्या सुमाराची. तेव्हा ती हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे होती. निजामाच्या राज्यात मोटार बसची सरकारी सेवा सुरू झाली ती १९३२ साली, आणि तीही सबंध राज्यासाठी सत्तावीस बसगाड्यांनिशी. त्यात मराठवाड्याच्या खेड्यांच्या वाट्याला काय आलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा आमच्या भागातल्या रस्त्यांवर माणसं, जनावरं, बैलगाड्या आणि क्वचित एखादी सायकल एवढंच होतं.

हे चित्र डोळ्यांपुढे नीट आणा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर जाते, माणूस चार-पाच. सायकल साधारण पंधरा. म्हणजे रुळांवरची गाडी सोडली तर गावात सर्वांत वेगाने जाणारी वस्तू सायकल होती! 'बाजूला व्हा' असं इतरांना सांगण्यासाठी घंटी होती, आणि ती सायकलवाला वाजवायचा. लोक त्याच्यासाठी बाजूला होत.

असो. थोडं मागे जाऊ.

सायकलच्या इतिहासात 'सेफ्टी' हा शब्द फार लवकर येतो आणि फार मजेशीर अर्थाने येतो. १८१७ साली जर्मनीत मानहाइमला कार्ल द्राइस याने दोन लाकडी चाकांचं एक वाहन चालवून दाखवलं. त्याला पायडल नव्हतं, पायांनी जमीन मागे ढकलत जायचं. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. पायडल थेट चाकालाच असल्यामुळे जास्त वेग हवा तर चाक मोठं करायला हवं. म्हणून १८७० च्या दशकात पुढचं चाक माणसाच्या छातीइतकं उंच झालं. स्वार त्या उंच चाकाच्या माथ्यावर बसे आणि वाटेत दगड आला की डोक्यावर आपटे. त्या काळी सायकल म्हणजे तालीमबाज तरुणांचा धाडसी खेळ होता.

१८८५ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीला जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर सेफ्टी बायसिकल' आणली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, मधे पायडल, साखळीने मागचं चाक फिरणार आणि पाय जमिनीला टेकणार. आज चुडाव्याच्या बाजारात उभी असलेली सायकल मूळ रचनेत हीच आहे. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं आणि हाडं खिळखिळी करणारा प्रवास मऊ झाला.

इथे 'सेफ्टी' म्हणजे सायकलपासूनच सुरक्षितता, वाहतुकीपासून नव्हे. धोका होता तो सायकलवरून पडण्याचा. दुसऱ्या कुणी येऊन पाडण्याचा विचार त्यात नव्हता, कारण पाडण्याइतक्या वेगाने जाणारं रस्त्यावर दुसरं काही नव्हतंच. १८८५ हेच साल कार्ल बेन्झच्या पहिल्या मोटारगाडीचंही मानलं जातं, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. सुरक्षित सायकल आणि ती असुरक्षित करणारं यंत्र जुळ्या भावंडांसारखी एकाच वर्षी जन्मली.

पुढे कायदा आला. १८८८ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने सायकलीला कायद्याने 'गाडी' ठरवलं. घोडागाडीचा जेवढा रस्त्यावर हक्क, तेवढाच सायकलचा. त्याबरोबर दोन कर्तव्यं आली: रात्री दिवा लावायचा आणि कुणाला ओलांडताना आवाज देऊन सावध करायचं. डाव्या बाजूने चालणं तर होतंच. दिवा, घंटी आणि डावी बाजू ही त्रिसूत्री पुढे इंग्रजी अंमलाबरोबर आपल्याकडे आली. आपल्या शहरांतल्या जुन्या माणसांना विचारा, ते सायकलच्या बिल्ल्याची गोष्ट सांगतील. नगरपालिका सायकलीवर कर घ्यायची आणि पितळेचा किंवा पत्र्याचा बिल्ला द्यायची. बिल्ला नसला, दिवा नसला किंवा डबलसीट असलात की पोलीस हवा सोडायचे नाहीतर दंड करायचे. संध्याकाळी चौकाच्या अलीकडे उतरून पायी चालणारे सायकलवाले हे त्या काळचं नेहमीचं दृश्य होतं.

आणि ते दिवेही काय एकेक! आधी रॉकेलचे, मग कार्बाइडचे. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, त्याची पांढरी ज्योत जळायची. त्यानंतर डायनॅमो आला. तो टायरला घासून फिरायचा, त्यामुळे पायडल जड व्हायचं, आणि सायकल थांबली की दिवाही जायचा. चढावर हळू झालात की उजेड पिवळा पडत जायचा. म्हणजे जिथे मागून येणारा तुम्हाला सहज गाठणार, नेमका तिथेच तुमचा दिवा मंद. तरी चालून जायचं, कारण मागून येणारंच फार काही नसायचं.

त्या काळात सायकलवाल्याला भीती कशाची होती हे पाहायचं तर मुंबईच्या तरुणांची गोष्ट आठवावी. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातल्या तिघांनी, म्हणजे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी, तो पुरा केला आणि १८ मार्च १९२८ ला ते मुंबईत परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर! त्यांच्या प्रवासाचं पुस्तक १९३१ मध्ये निघालं. त्यांच्या वाटेत वाळवंट होतं, तहान होती, आजारपण होतं, बर्फ होतं. आज कुणी घरी सांगितलं की मी सायकलवर परभणीला जातो, तर आई पहिल्यांदा ट्रकचं नाव घेईल. शंभर वर्षांत सायकलवाल्याच्या भीतीचा पत्ताच बदलला.

आमच्याकडे सायकल शिकणं हा सोहळा असायचा. सायकलच्या दुकानातून तासाने भाड्याने घ्यायची. आमच्या वेळी छोटी सायकल हा प्रकार नव्हता. मोठ्यांची बावीस-चोवीस इंची सायकल, काळी, मधे आडवी दांडी. सीटवर बसलं तर पाय पोचत नाहीत. म्हणून दांडीच्या खालून एक पाय पलीकडे घालायचा, एका हाताने हँडल, दुसऱ्याने दांडी किंवा सीट धरायची आणि अर्धा-अर्धा पायडल मारायचा. याला कैची म्हणतात. कैचीनंतर दांडीवर, दांडीनंतर सीटवर अशी बढती. गुडघे फुटायचे, त्यावर हळद किंवा माती लावायची.

आता विचार करून पाहिलं तर लक्षात येतं की या सगळ्या शिक्षणात तोल होता, रस्ता नव्हता. आम्हाला कुणी सांगितलं नाही की वळण्याआधी मागे पाहायचं असतं. हात दाखवायचा असतो. उतारावरून मुख्य रस्त्याला लागताना थांबायचं असतं. कुणी सांगावं अशी गरजही नव्हती. स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर मागे पाहून दिसणार काय, तर बैलगाडी, आणि ती तर आपणच ओलांडून आलेलो असायचो. म्हणजे सायकल चालवता येते असं म्हणणाऱ्या माझ्या पिढीला खरं तर सायकलवर बसता येत होतं. वाहतुकीत चालवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती आमच्या गावात कधी आलीच नाही.

मग रस्ता बदलला. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांनी या भागात ऊस आणला, उसाने ट्रॅक्टर आणले. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि देशभर खेड्यांना डांबरी रस्ते मिळू लागले. याबद्दल मला तक्रार नाही, उलट आनंदच आहे. पावसाळ्यात आमची काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी काही भरायची की दर दहा पावलांवर काडीने काढावी लागे. शेवटी सायकलच खांद्यावर घ्यायची. बाळंतिणीला दवाखान्यात नेताना बैलगाडी रुतलेली ज्यांनी पाहिली आहे, ते चांगल्या रस्त्याला नावं ठेवणार नाहीत. पण डांबराने वेग आणला, हेही खरं. आणि वेगाचं गणित सरळ नसतं. गाडीचा वेग तीसवरून साठ झाला तर तिच्या धडकेतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. सायकल मात्र तिथेच, तासाला पंधरा किलोमीटर. कालची रस्त्यावरची सर्वांत वेगवान वस्तू बैलगाडी सोडून सगळ्यांत हळू झाली, आणि ती स्वतः काडीभरही बदललेली नव्हती.

माझे एक चुलत मामा होते. दुधाचा धंदा. पहाटे सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे, गावोगावचं दूध गोळा करून चुडावा स्टेशनवर आणायचे आणि पॅसेंजरने नांदेडला न्यायचे. चाळीस वर्षं हा क्रम. सायकलवर त्यांचा हात इतका साफ होता की भरल्या कॅनमधलं दूध हिंदकळायचं नाही. एका पहाटे मागून ट्रकचा हॉर्न आला. मामा नेहमीप्रमाणे अगदी डांबराच्या कडेने चालले होते. हॉर्न ऐकून ते आणखी डावीकडे सरकले. डांबरावर थरावर थर चढल्यामुळे साईडपट्टी चांगली वीतभर खाली गेली होती. चाक कडेवरून घसरलं आणि मामा कॅनसकट पडले. खुब्याचं हाड मोडलं. ट्रक त्यांना शिवलासुद्धा नाही, तो निघून गेला. ट्रकवाल्याला कदाचित कळलंही नसेल. मामा नंतर नऊ वर्षं जगले, काठीवर. सायकल भिंतीला टेकून होती ती विकली.

ही घटना कुठेच नोंदलेली नाही. धडक नाही, गुन्हा नाही, पंचनामा नाही. २०२२ सालात भारतात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यात सायकलस्वार चार हजार आठशेहून अधिक. हे आकडे मेलेल्यांचे. कडेवरून घसरून ज्यांची हाडं मोडली, ज्यांनी भीतीने सायकल सोडली, ज्या मुलींना घरच्यांनी 'रस्ता वाईट आहे' म्हणून सायकलवर बसूच दिलं नाही, त्यांची गणती कोणत्या रकान्यात करायची? सायकलचा इतिहास लिहायचा तर ही नोंद नसलेली माणसंच जास्त भरतील.

मामांचं पडणं मी पुष्कळदा मनात फिरवून पाहिलं आहे. त्यांनी नियम मोडला नव्हता. उलट ते फार पाळत होते, डावीकडे आणि आणखी डावीकडे. गडबड तिथेच आहे. अगदी कडेला चिकटून चालणाऱ्याला चुकवायला जागा उरत नाही. शिवाय मागच्या ड्रायव्हरला वाटतं की याच्या बाजूने आपण याच लेनमधून निघून जाऊ, समोरून दुसरी गाडी येत असली तरीही. सायकलवाला कडेपासून दीड-दोन हात आत, एका सरळ रेषेत चालत असेल, तर ड्रायव्हरला त्याला 'ओलांडावं' लागतं. म्हणजे थांबून, समोर पाहून, पूर्ण बाहेरून. आणि प्रसंग आलाच तर सायकलवाल्यापाशी डावीकडे दोन हात डांबर शिल्लक असतं.

हा विचार काही माझा नाही. अमेरिकेत जॉन फॉरेस्टर नावाच्या एका इंजिनियरने (ते कादंबरीकार सी. एस. फॉरेस्टर यांचे चिरंजीव) १९७० च्या दशकात यावर आयुष्य वाहून घेतलं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावाने सायकलवाल्यांना रस्त्यावरून हटवून पादचाऱ्यांच्या वाटेवर घालायचं ठरवलं, तेव्हा ते रस्त्यावरच चालवत राहिले आणि त्यासाठी त्यांना दंडही झाला. सायकल हे वाहन आहे, तिने वाहनासारखं वागावं आणि तिला वाहनासारखं वागवलं जावं, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. म्हणजे फिरून १८८८ चाच कायदा. २०२० मध्ये ते वारले.

दुसरं उत्तर हॉलंडचं. तिथे १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे तेहेतीसशे माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. लोक रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नावच होतं 'मुलांच्या हत्या थांबवा'. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, रविवारी मोटारी बंद झाल्या आणि मोकळे रस्ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर त्या देशाने सायकलसाठी वेगळे मार्ग बांधत नेले. गंमत अशी की वेगळ्या मार्गाला विरोध करणाऱ्यांत सायकलवालेही होते. १९३४ मध्ये लंडनजवळ ब्रिटनमधला पहिला सायकल मार्ग उघडला, तेव्हा तिथल्या सायकल संघटना चिडल्या होत्या. आज वेगळी वाट देता, उद्या मुख्य रस्ता बंद कराल, ही त्यांची शंका.

या दोन्ही बाजूंचे लोक आजही भांडतात. मी पुण्यात राहतो. इथे २०१७ मध्ये महापालिकेने मोठा सायकल आराखडा मंजूर केला. एके काळचं हे सायकलींचं शहर, पण जे मार्ग झाले त्यांतल्या कित्येकांवर मी मोटारसायकली, वडापावच्या गाड्या आणि विजेचे खांब पाहिले आहेत. तरी मला वाटतं की मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी हॉलंडचं उत्तर खरं आहे. चाळिशीतल्या धडधाकट इंजिनियरला जे जमतं ते सातवीतल्या पोरीकडून मागू नये. पण चुडाव्याला वेगळा सायकल मार्ग कधी होईल? माझ्या हयातीत तरी मला आशा नाही. तोवर तिथली माणसं सायकल चालवणारच आहेत. मग फॉरेस्टरसाहेबांच्या शिकवणीतलं जे कामाचं आहे ते उचलायला काय हरकत?

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण त्या पोरीच आहेत. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. त्याहून लांबच्या मुलींसाठी निळ्या रंगाच्या एसटी बस आहेत. या योजनेची जात मोठी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर खेड्यातल्या हजारो बायका सायकल शिकल्या. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. नुसत्या उपदेशाने जे झालं नसतं ते दोन चाकांनी केलं. माझ्या मावसबहिणीची मुलगी अशाच सायकलवर शाळेत जाते. तिची आई सातवीत शाळेतून निघाली होती, कारण शाळा लांब होती.

सायकलवाटपाचा कार्यक्रम मी पाहिलाय. मुली रांगेत उभ्या, हँडलला फुगे, पाहुण्यांची भाषणं, फोटो. आणि मग त्या मुली थेट उसाच्या हंगामातल्या रस्त्यावर. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही. पुढची ट्रॉली गेली म्हणून मुलगी आत सरकते, तर मागून दुसरी असते. सायकल दिली, पण कैचीनंतरचा धडा राहिलाच.

तो धडा फार मोठा नाही हो. शाळेच्या मैदानावर एका दुपारचं काम आहे. पहिली गोष्ट म्हणजे उजव्या खांद्यावरून मागे पाहायचं आणि तरी सायकल सरळ ठेवायची. मैदानावर फक्कीची रेघ मारा, मागून बाईंनी बोटं दाखवावीत, मुलीने रेघ न सोडता किती बोटं ते सांगावं. बहुतेकांची सायकल पहिल्यांदा उजवीकडे ओढली जाते, म्हणजे रस्त्यावर असती तर ट्रकखाली. दहा-पंधरा वेळा केलं की जमतं. दुसरी, एक हात सोडून वळण्याची खूण करणं. तिसरी, कडेपासून दोन हात आत, सरळ रेषेत, नागमोडी नाही. रस्ता अगदी अरुंद असेल आणि मागून मोठं धूड येत असेल, तर वेळेत मागे पाहून, वेग कमी करून, पाय टेकून सावकाश खाली उतरणं. हॉर्न ऐकून दचकून उडी मारणं नव्हे. चौथी, ट्रॅक्टर गेला तरी लगेच आत यायचं नाही, मागची ट्रॉली मोजायची.

आणि पाचवी, उजव्या बाजूने चालायचं नाही. आमच्याकडे पुष्कळांना वाटतं की समोरून येणारं दिसलेलं बरं. पायी चालणाऱ्याला ते लागू आहे, सायकलला नाही. हिशेब करा. ट्रक साठच्या वेगाने, सायकल पंधराच्या. डावीकडून जाताना तो तुमच्यावर पंचेचाळीसच्या फरकाने येतो, उजवीकडून गेलात तर पंच्याहत्तरच्या. त्याच्याकडे ब्रेक लावायला वेळ तेवढा कमी.

दिव्याचा प्रश्न आता जुना राहिला नाही. आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवणारे रिफ्लेक्टर सायकलवर प्रमाणित दर्जाचेच असावेत, असा आदेश केंद्र सरकारने २०२० मध्ये काढला. मागचा लाल, पुढचा पांढरा, पायडलवरचे पिवळे. ते चिखलाने माखले की निरुपयोगी होतात, म्हणून शाळेत जाताना फडकं मारायचं, इतकंच.

पण सगळं मुलींवर टाकून मोकळं होणं हा शुद्ध अन्याय होईल. इतिहास पाहिला तर दर वेळी हेच घडलेलं दिसतं. वेग दुसऱ्याने वाढवायचा आणि सांभाळायचं सायकलवाल्याने. साईडपट्टी डांबराच्या बरोबरीला मुरुमाने भरून दाबणं हे रस्त्याच्या कामातलंच एक काम आहे. डांबराचा नवा थर चढला की ते राहून जातं आणि बिल निघतं. गावच्या ग्रामसभेत 'रस्ता झाला का' एवढंच विचारतात. 'कड भरली का' हेही विचारायला हवं. कारखान्याच्या गव्हाणीत शिरण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर आहे का, हे पाहायला एक माणूस पुरतो. शाळेजवळ वेग कमी करायला गतिरोधक लागतात, त्याला जगप्रवासाची अक्कल लागत नाही.

आत्मविश्वास म्हणजे छाती पुढे काढून ट्रकसमोर जाणं असं मी मानत नाही. आपण पुढच्या क्षणी कुठे असणार हे मागच्याला आधीच कळणं, आणि मागचा कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असणं, इतका साधा त्याचा अर्थ. सायकलला १८८८ मध्ये रस्त्यावर गाडीचा हक्क मिळाला, तेव्हा तो असा दोन्हीकडून होता. तो हक्क आपल्याकडे कुणी काढून घेतलेला नाही. फक्त रस्त्याने कड सोडली आणि सायकलवाला त्या कडेवर राहिला. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, सायकली वाटल्या जातील, हँडलला फुगे लागतील. फुगे सोडल्यावर त्याच मैदानावर कुणीतरी एक फक्कीची रेघ मारावी, एवढं माझं मागणं आहे.